बडग्याचं तोंड

२९ जुलै

सरांनी लिहिलं ते खरं असेल तर?

रविवारपासून हा एकच प्रश्न. उत्तर भांडी घासताना सापडलं नाही, सीताबर्डीला रंग आणायला गेले तिथेही नाही. वाक्य मात्र पाठ झालंय. ‘कु. रोशनी यांचे काम हे शिल्प नव्हे, मंडपाची सजावट आहे. हात आहे, नजर नाही.’

दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर चहाबरोबर गिळलं असतं. पण ज्यांच्यासमोर चार वर्षं माती मळली, त्यांनी लिहिलं. कॉलेजच्या पूर्ण प्रदर्शनावरचा लेख, पेपरात. बाकी मुलांना शाबासकी, नाहीतर मौन. मला ही दोन वाक्यं. आणि फोटो छापलाय तोही माझ्याच कामाचा.

३० जुलै

बाबांनी ते कात्रण लॅमिनेट करून आणलं! टीव्हीच्या वर खिळा ठोकून लावलं, माझ्या पदवीच्या फोटोशेजारी.

म्हटलं, बाबा, काढा ते.

“काहून? पोरीचं नाव आलं पेपरात. अन् मंडप पण लिहिला आहे पाह्य. आपला धंदा पण आला.”

बाबा मंडप बांधतात. लग्नाचे, तेरवीचे, गणपतीचे. पेपर बोट ठेवून, अक्षर लावून वाचतात. यातलं किती वाचलं, किती समजलं, ते विचारायची हिंमत झाली नाही. आई खाली मालिका बघते आणि वर माझा अपमान चकाकतो. जेवायला बसलं की बरोबर समोर.

१ ऑगस्ट

आई: “डिग्री झाली, प्रदर्शन झालं, पेपरात आलं. झालं ना आता?”

निखिलने त्याच्या कंपनीत माझ्यासाठी बोलून ठेवलंय. मिहानला. कॉम्प्युटरवर आलेला-गेलेला माल नोंदवायचा. २५ तारखेला हजर व्हायचं. नि. धाकटा आहे, पण घरात पगार त्याचाच नियमित येतो, म्हणून त्याच्यावर ओरडता येत नाही. तो वाईट काही बोललाही नाही. म्हणाला, “ताई, एसी आहे तिथी.”

शेवटी तह झाला. मारबतीपर्यंत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतळ्यांची मिरवणूक निघते तोपर्यंत, मी माझं काम करणार. मग नोकरी.

“मारबत गेली का तुझं हे खूळ पण तिच्यासंग गेलं पाह्यजे,” आई म्हणाली. मी हो म्हटलं. का म्हटलं?

३ ऑगस्ट

बबलूभाऊ आले. किराणा दुकान, मंडळाचे अध्यक्ष, आवाज असा की मिरवणुकीत त्यांना माईक लागत नाही. यंदाच्या मारबतीला आमच्या गल्लीचा बडग्या मी करायचा! नेहमीचे कारागीर मुलाकडे पुण्याला गेलेत.

“आपल्याकडं घरचीच कॉलेजवाली आहे ना. पेपरात आलती.” बोट टीव्हीच्या वर. (वाचलेलं दिसत नाही.)

विषय: फोनवरून फसवणूक. हे सुमनकाकूंमुळे. काकू समोरच्या घरात एकट्या राहतात, अंगणवाडीत शिकवायच्या. जूनमध्ये त्यांना फोन आला, तुमच्यावर केस आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणाला सांगू नका. बसून राहिल्या. शेवटी साठवलेलं सगळं पाठवून दिलं. तेव्हापासून दार लावलेलंच असतं. गल्ली त्यांच्या दारासमोरून जाताना हळूच म्हणते, “पोरं शिकवले बाईनं, अन् कशी फसली.”

बडग्या म्हणजे वर्षभर ज्यानं छळलं त्याचा पुतळा करायचा, रस्त्यानं नाचवायचा, शिव्या घालायच्या, ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडायचं, जाळायचा. लहानपणापासून बघतेय. करायची वेळ पहिल्यांदा आली.

लगेच हो म्हटलं. सर, आता तर मंडपच.

५ ऑगस्ट

बाबांसोबत सांगाडा. बांबू ते फाडतात, निघालेल्या कमच्या मी तासते. गाठ मारताना बाबा तोंडाने दोरीचं टोक धरतात, बोलणं बंद. चांगला दिवस गेला.

मंडळाची पोरं येऊन फर्माइशी करतात. शिंगं लाव. लाल जीभ लाव, हातभर. दात लाव.

मी नाही म्हटलं. राक्षस कुठे फोन करतो? फोन करतो तो एखादा विशी-बाविशीतला मुलगा, कुठल्यातरी खोलीत खुर्चीवर बसून. तोच दाखवायचा. माणूस. बघणारा थांबला पाहिजे, त्याला प्रश्न पडला पाहिजे.

बबलूभाऊ: “थांबून कोणी नाही पाह्यत वं मारबतीत. चालता चालता शिव्या देतेत.”

म्हटलं, यंदा थांबतील.

८ ऑगस्ट

तोंडाला हात घातला. नि.ची सध्या रात्रपाळी आहे, दुपारी झोपतो. त्याच्या उशाशी पाटावर माती घेऊन बसले. हुबेहूब नको होतं, फक्त हाडं कशी बसतात, पापणी कुठे जाड होते एवढंच. झोपेत किती लहान दिसतो हा.

कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज. वार्षिक प्रदर्शनासाठी शिल्पं २५ ऑगस्टपर्यंत आणून द्यायची. निवड समितीत सर. वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

११ ऑगस्ट

साच्यातून कागदाचं तोंड निघालं. वाळायला वेळ लागला, हवा ओली आहे. रंगवलं.

मला आवडलं. मुद्दाम लिहून ठेवते. उद्या कोणी काहीही म्हणो, आज मला आवडलं होतं.

१३ ऑगस्ट

मंडळासमोर बडग्या उभा केला. कापड काढलं.

आधी सगळे गप्प. मला वाटलं, थांबले! मग मागून कोणीतरी, “अबे, हा तर आपला निख्या होय!”

हशा. आणि मग हशा एकदम बंद, कारण आई तिथेच उभी होती.

“माह्या पोराचं तोंड जाळता का गा तुम्ही?”

“काकू, तसं नाही ना...” बबलूभाऊंचा आवाज पहिल्यांदाच लहान ऐकला. मग माझ्याकडे वळून मोठा झाला. “रोशनी, बडग्या पाहून चप्पल काढावं वाटलं पाह्यजे. हे पाहून तर याले जेवाले वाढावं वाटून राहिलं!”

पुन्हा हशा. “डिग्रीवाल्याईचं काम नाही हे.” हे कोण बोललं ते मी पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं.

२० तारखेपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर दुसऱ्या गल्लीतून तयार बडग्या आणणार. शिंगंवाला.

आईने तोंड सांगाड्यावरून स्वतः काढलं, पदरात गुंडाळलं आणि बाळ न्यावं तसं घरी घेऊन गेली. माझ्याशी बोलत नाही.

नि. पाळीला निघताना म्हणाला, “ताई, मी चोरासारखा दिसतो काय?” हसत होता. मग दारातून वळून पुन्हा विचारलं, तेव्हा हसत नव्हता.

काय सांगू त्याला? चोरही तुझ्यासारखाच दिसत असेल, हे म्हणायचं होतं मला. पण हे भावाला कसं सांगतात?

१४ ऑगस्ट

कोणीतरी कालचा व्हिडिओ टाकलाय. कॉलेजातल्या मैत्रिणीने लिंक पाठवली, खाली ‘इग्नोर कर’. दुर्लक्ष करायला सांगणारे सगळे आधी लिंक पाठवतात.

‘हेच शिकवते का कॉलेजात?’

‘पोरींनी रांगोळ्या काढाव्या.’

‘बडग्या रडून राहिला, रुमाल द्या रे त्याले.’

तिसऱ्याला हसू आलं. मग पुन्हा वाचलं आणि हसू गेलं.

सर म्हणतात नजर नाही. गल्ली म्हणते हा बघतो कसा, याला जाळवत नाही. दोन्ही खरं कसं असेल? दोघांकडून मीच कशी नापास?

१५ ऑगस्ट

झेंडा, जिलेबी. काही केलं नाही. मातीला हात लावला नाही. २५ तारीख जवळ आहे, बरं आहे, असंही वाटून गेलं. हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

१६ ऑगस्ट

नि. जेवताना: “ताई, मंग त्याचंच तोंड लाव ना. ज्यानं तुले पेपरात बोललं त्याचं. जाळून टाकू.”

म्हणजे याने कात्रण वाचलंय. पूर्ण.

हसण्यावारी नेलं. पण ताट उचललं आणि तशीच मातीपाशी गेले. फोटो लागला नाही. कपाळावर चढवलेला चष्मा. डाव्या भुवईतली खाच. बोलायच्या आधी खालचा ओठ आत ओढतात तो. समोरच्या मुलाकडे न बघता त्याच्या कामाकडे बघणं. चार वर्षं मी या माणसाच्या तोंडाकडे बघत होते, आता काय म्हणतील म्हणून.

इतक्या भरभर माझ्या हातून कधी काही झालेलं नाही. संध्याकाळी साचा घेतला.

१७ ऑगस्ट

कागदाचं तोंड पंख्याखाली वाळवून सांगाड्यावर लावून पाहिलं. काय आनंद झाला! घाणेरडा आनंद. सगळं नागपूर रस्त्यावर असणार. कॉलेजची पोरं ओळखणार, व्हिडिओ काढणार, तो सरांपर्यंत जाणार. गळ्यात पाटी घालू, ‘हात आहे, नजर नाही’. लिहा म्हणावं यावर लेख.

बाबा आले. 

“हे कोण होय?”

“सर.”

“तेच? मंडपवाले?”

“बाबा, तुम्हाला समजलं होतं?”

“समजाले काय आहे त्याच्यात. हळू वाचतो, पण वाचतो ना. शिवी दिली त्यानं, पण मंडपाच्या नावानं दिली. माहा मंडप आजलोक एकही पडला नाही. मले काहून लागन ती? म्हणून लावली भितीवर.”

आणि मी रोज जेवताना मान खाली घालत होते.

मग त्या तोंडाकडे बोट करून, “पण बडग्याले जाळशीन ते फोनवर फसवते म्हणून ना? यानं कोणाले फसवलं?”

फसवलं नव्हतं. लिहिलं होतं आणि खाली स्वतःचं नाव टाकलं होतं.

तोंड काढून ठेवलं. सरांना माफ केलेलं नाही. फक्त काढून ठेवलं.

१८ ऑगस्ट

आता सांगाड्याला तोंडच नाही. दोन दिवस उरले.

शेवटी सु.काकूंकडे गेले. दार अर्धं उघडलं त्यांनी. म्हटलं, काकू, तो दिसायला कसा होता?

“हे कोणी विचारलंच नाही वं मले. सगळे विचारतेत, तुम्ही काहून पाठवले.”

मग आत बोलावलं. चहा ठेवला. “पह्यले एक पोलिसाच्या ड्रेसवाला दिसला, टोपी घातलेला. मंग त्यानं कॅमेरा बंद केला. मंग तोंडच नव्हतं. नुसता गोल, राखाडी. खांदे अन् डोकं, मधात काहीच नाही. त्या गोलाले मी साहेब, साहेब करत होती, रोशनी. हात जोडत होती त्या गोलाले.”

चहा निवला. त्या रडल्या नाहीत, मीही नाही.

घरी येऊन माझा तो व्हिडिओ उघडला. रुमाल द्या म्हणणारा, रांगोळी म्हणणारा, सगळ्यांच्या नावाशेजारी तोच. राखाडी गोल. खांदे, डोकं, मध्ये काही नाही.

१९ ऑगस्ट

बाबांनी बांबू वाकवून गोल केला, माणसापेक्षा उंच. त्यावर राखाडी कापड ताणलं. मंडपाचं कापड ताणायची बाबांची पद्धत आहे, समोरासमोरच्या बाजू आधी, कोपरे शेवटी. सुरकुती म्हणून पडत नाही. मध्ये खांदे आणि डोक्याचा फिका आकार, बस. डोळे नाहीत, नाक नाही. खाली साहेबाचा ड्रेस, पोकळ बाह्या, एका बाहीतून फोन बाहेर.

मी यात काय केलं? तोंड काढून टाकलं. सगळ्यात कठीण तेच होतं.

२० ऑगस्ट

मंडळ जमलं. कापड काढलं. 

बबलूभाऊंनी खिशातून फोन काढला, काहीतरी शोधलं आणि पडदा सगळ्यांकडे फिरवला. तसाच गोल. “हाच तो हरामखोर. मलेबी आलता याचा. दोन दिवस दुकानात बसून घाम फुटला होता मले.”

मग एकेक जण बोलायला लागला. याला आला होता, त्याच्या सासऱ्याला आला होता. अर्ध्या गल्लीला आला होता आणि कोणीच कोणाला बोललं नव्हतं. बोलणं फक्त काकूंबद्दल.

जाता जाता बबलूभाऊ: “जीभ लाव ना वं एक. लाल.”

“नाही.”

“लहानशी?”

“नाही.”

२२ ऑगस्ट

पोळा. आईने पुरणपोळ्या केल्या, मातीच्या बैलांना नैवेद्य दाखवला. माझ्या ताटात जास्तीचं तूप पडलं. बोलली एकच शब्द, “जेव.”

नि.चं तोंड तिने कपाटावर ठेवलंय. कोणी बघत नसलं की पदराने पुसते.

२३ ऑगस्ट

मारबत.

पिवळ्या मारबतीची वाट बघत सगळं इतवारी रस्त्यावर. आमचा बडग्या गल्लीतून निघाला, खांदा बाबांचा पहिला. कोणी थांबून बघितलं नाही. बबलूभाऊ खरं बोलले होते. लोकांनी बघितलं आणि लगेच ओळखलं. पहिली चप्पल एका म्हाताऱ्या माणसाची. मग थांबलंच नाही. “फोन लाव ना बे आता!” “सांग, नाव सांग!”

सु.काकूंचं दार उघडं होतं. आधी उंबऱ्यात, मग पायरीवर. मग एकदम गर्दीत. इस्त्रीची साडी, अंगणवाडीत नेसायच्या तसली. वाट करून पार बडग्यासमोर आल्या आणि पायातली काढून अशी हाणली की कापड फाटलं. आवाज चिरकत होता, “घेऊन जा गे मारबत! माहं भेव घेऊन जा गे मारबत!”

मग आईचा आवाज. माझ्या आईचा! “घेऊन जा गे मारबत!” आणि मग सगळी गल्ली.

जाळला तेव्हा गोल आधी गेला.

मोबाइलवर व्हिडिओ काढणारा एक जण विचारत होता, हे कोणी बनवलं? बबलूभाऊंनी मला दंडाला धरून पुढे केलं. तो म्हणाला, “ते रडक्या बडग्यावाली का?”

“हाव,” मी म्हटलं. “तेच.”

ते शिल्प होतं की सजावट, अजूनही माहीत नाही. आता राख आहे, राखेला कोण विचारणार.

२४ ऑगस्ट

सरांचा साचा बाजूला पडून होता. सकाळी त्यात प्लास्टर ओतलं. दुपारी हळूहळू फोडला.

ओठ आत ओढलेला. आता काहीतरी म्हणणार, असा.

यांना काय वाटेल, हा विचार आला. मग वाटलं, त्यांनी माझं काम पाहून लिहिलं, मी त्यांना पाहून केलं. दोघांनीही नाव टाकायचं. झालं.

आई: “उद्या डब्याले काय देऊ?”

म्हटलं, काहीही दे.

तिने माझा निळा ड्रेस इस्त्री करून दारामागे टांगलाय. हे लिहिताना तो समोर दिसतोय. तह मी केला होता. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

२५ ऑगस्ट

निळाच ड्रेस घातला. डबा घेतला आणि एक गाठोडं. नि.ला चौकात सांगितलं, मी येत नाही. कंपनीतल्या मॅडमना मेसेज पाठवला, त्याच्यासमोरच. त्याचा चेहरा पडला. त्याने शब्द टाकला होता माझ्यासाठी. मग म्हणाला, “आईले तू सांगजो. मी नाही सांगत.” आणि गाडीला किक मारायच्या आधी स्वतःच ऑटो थांबवून दिला.

मांडीवर सरांचं डोकं, बाबांच्या मंडपाच्या कापडात गुंडाळलेलं. लाल-पिवळं कापड, झालर असलेलं. ऑटोवाला आरशातून बघत होता. “देव आहे का ताई?” “नाही, मास्तर.”

प्रदर्शनाच्या ऑफिसात टेबलामागच्या माणसाने नाव विचारलं शिल्पाचं.

“सर.”

“कोणते सर?”

“ते स्वतः ओळखतील.”

त्याने कापड सोडलं आणि बाजूला ठेवायला लागला. मी ते परत घेतलं, डोक्याखाली नीट पसरलं, समोरासमोरच्या बाजू आधी, कोपरे शेवटी.

“ही सजावट लागते का, मॅडम?”

“कामाचा भाग आहे तो. साहित्यात लिहा. प्लास्टर आणि मंडपाचं कापड.”

लिहिलं त्याने. खाली माझं नाव मी घातलं. पूर्ण. बाबांच्या नावासकट.

आईने डब्यात पुरणपोळ्या दिल्या होत्या, नोकरीचा पहिला दिवस म्हणून. बाहेर पायरीवर बसून खाल्ल्या. सगळ्या. घरी अजून गेले नाही, हे पायरीवरच लिहितेय.

आत भिंतीवर एक सूचना लावलीय. निकाल लागेपर्यंत दिलेलं काम परत मिळणार नाही.

बरंच आहे.